अंगठ्या कोणाच्या हातून याव्यात?

चर्चमधल्या लग्नात अंगठ्या घेऊन कोणी यायचं, हे कुठेही ठरवून दिलेलं नाही. कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं कलम ११०८ एक धर्मगुरू आणि दोन साक्षीदार मागतं. आपल्या देशातला १८७२चा ख्रिश्चन विवाह कायदाही साक्षीदार मागतो तो दोनच. मखमली उशी, तिच्यावर बांधलेल्या अंगठ्या आणि ती उशी सांभाळत चालणारा तीन वर्षांचा मुलगा ही नुसती रीत आहे. माझ्या आईवडिलांच्या लग्नाच्या फोटोंत तर ना उशी आहे ना मुलगा. तेव्हा अंगठ्या वडिलांच्या मित्राच्या खिशात होत्या, आणि लग्न तितकंच पक्कं झालं.

मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातली. शाळेत बालवर्ग शिकवते आणि कॉलेजात असल्यापासून आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायाच्या, कॉयरमध्ये (गायनवृंदात) गाते. कॉयरची जागा वर बाल्कनीत, त्यामुळे दरवाजापासून वेदीपर्यंतची सगळी वाट मला दिसते. नाताळ संपला की ईस्टरआधीचा उपवासकाळ लागेपर्यंत आणि मग ईस्टरनंतर पाऊस पडेपर्यंत आमच्याकडे लग्नंच लग्नं. त्या वाटेवरून चालत आलेले रिंग बेअरर, म्हणजे अंगठ्या घेऊन येणारे, मी खूप पाहिलेत. आता या गोष्टीबद्दल माझं मत पक्कं झालंय, ते इथे लिहिते.

तीन-चार वर्षांच्या मुलाला हे काम देऊ नये.

मे महिन्यातला उकाडा, अंगात कोट, गळ्याला बो, पायात चावणारे नवे बूट. दोन्ही बाजूंना उभी असलेली अनोळखी माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. पुढे उलट्या पावलांनी चालणारा फोटोग्राफर. अशा वेळी मूल थबकतं, ओठ काढतं, मागे वळून आईला शोधतं. मग आई वाकून पळत येते, कोणी चॉकलेट दाखवतं, कोणी हसतं. ते हसणं वरून ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण मूल त्या क्षणी खरोखर घाबरलेलं असतं. आणि बहुतेक वेळा उशीवरच्या अंगठ्या खोट्या असतात. खऱ्या अंगठ्या बेस्ट मॅनकडे, म्हणजे वराच्या सोबत उभ्या राहणाऱ्या मित्राकडे, कारण मुलावर कोणाचा भरवसा नसतो. ज्याच्यावर भरवसा नाही त्याला भरवशाचं काम दिल्यासारखं दाखवायचं, हे मला पटत नाही. सात-आठ वर्षांचं मूल वेगळं. त्याला विचारता येतं, त्याला कळतं, ते अभिमानाने करतं.

मग कोणी? आमच्या घरात हा प्रश्न माझ्या भाचीच्या लग्नात आला. मुलगा ठरलेलाच होता, चुलतभावाचा धाकटा, साडेतीन वर्षांचा. कोटाचं माप घ्यायचं तेवढं बाकी होतं. भाची माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मावशी, अंगठ्या आजीने आणाव्यात असं मला वाटतं.”

आजी म्हणजे माझी आई. आमची वाडी छोटी. थोडी केळी, थोडी पानवेल, बाकी मोगरा, तगर, चाफा. आईने कितीतरी वर्षं रात्री उठून फुलं खुडली, टोपलीत केळीच्या पानात बांधली आणि पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात नेली. आम्हा बहिणींची शिक्षणं त्या टोपलीतून झाली. ताईच्या लग्नातलं सोनं त्या टोपलीतून आलं, आणि तेच सोनं थोडं मोडून भाचीच्या अंगठ्या घडवल्या. भाचीच्या म्हणण्याला हा सगळा आधार होता.

आई आधी नाहीच म्हणाली. “लग्न पोरांचं. मी म्हातारी पुढे काय मिरवू?” भावाचं म्हणणं वेगळं. आईचे गुडघे दुखतात, दरवाजापासून वेदीपर्यंत सगळ्यांसमोर चालताना अडखळली तर? काळजी खरी होती, आणि उत्तर सापडलं ते मिस्साविधीतच, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतच. हे मुद्दाम सविस्तर सांगते, कारण लग्न ठरवणाऱ्या बऱ्याच घरांच्या हे लक्षात येत नाही.

अंगठ्या प्रवेशाच्या मिरवणुकीत आणायची गरजच नसते. मिस्सा सुरू होते, वाचनं होतात, शुभवर्तमान, मग प्रवचन. वधूवरांची संमती त्याच्यानंतर. संमती झाली की अंगठ्यांवर आशीर्वाद, पवित्र पाणी शिंपडणं आणि अंगठ्या घालणं. म्हणजे मिरवणुकीतून आलेल्या अंगठ्या मधला सगळा वेळ कुठेतरी नुसत्या पडून असतात. त्याऐवजी ज्याने त्या आणायच्या, त्याने पहिल्या बाकावर बसावं आणि संमती झाल्यावर फादरांनी खूण केली की उठून पुढे यावं. चालायची पावलं मोजकी. शिवाय सगळ्या चर्चचं लक्ष त्या माणसाकडे जातं, फुलांकडे आणि कपड्यांकडे नाही. पुढे भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे नेतात त्या अर्पणाच्या मिरवणुकीत अंगठ्या आणू, असं काहीजण सुचवतात. ते जमत नाही, कारण अर्पण येईपर्यंत अंगठ्या बोटांत गेलेल्या असतात.

फादर लगेच हो म्हणाले. त्यांनीच आम्हाला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजातलं ७७वं कलम दाखवलं. विवाहाच्या बाबतीत एखाद्या प्रदेशात चांगल्या चालीरीती असतील तर त्या आवर्जून राखाव्यात, असं त्यात म्हटलंय. फादर म्हणाले, टोपलीही आणा.

टोपली दादरला जायची ती नव्हे. ती कधीच झिजली. बुरुडाकडून तशाच घाटाची लहान टोपली करून घेतली. आत केळीचं पान, त्यावर आईने त्या सकाळी खुडलेला मोगरा. अंगठ्या फुलांत सैल ठेवल्या तर खाली सरकतात आणि फादरांना शोधत बसावं लागतं, म्हणून दोन्ही अंगठ्या एका पांढऱ्या फितीत ओवल्या आणि फितीचं टोक टोपलीच्या काठावर आणलं. सॅटिनची फीत, एकच सुरगाठ. सुती दोऱ्याची गाठ घट्ट बसते आणि ऐन वेळी सुटत नाही. फादरांनी टोक ओढलं, अंगठ्या वर आल्या, त्यांनी त्या थाळीत घेतल्या आणि पाणी शिंपडलं. आई लाल लुगड्यात होती, दागिन्यांसह. टोपली दोन्ही हातांनी छातीशी धरून ती चालली. त्या वेळी एक गीत गायचं आम्ही ठरवलं होतं, पण कॉयरच्या प्रमुखाने हात वर केला नाही आणि आम्ही कोणी गायलो नाही. भाचीने अंगठी घालायच्या आधी आजीच्या हाताचं चुंबन घेतलं. ते कोणी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून मला लोक विचारतात, आमच्याकडे कोणाला सांगावं? मी त्यांना उलट विचारते, हे लग्न तुमच्यापर्यंत कोणामुळे पोहोचलं? नाव बहुतेक वेळा घरातच असतं, आणि बहुतेक वेळा ते माणूस लग्नात कुठल्याच मानाच्या जागी नसतं. एका नवऱ्याला त्याच्या अविवाहित आत्याने वाढवलं होतं. वेदीजवळ आईवडिलांना जागा, आत्या चौथ्या बाकावर. अंगठ्या तिच्याकडे दिल्या आणि ती जागा बदलली. दुसऱ्या एका लग्नात नवरीची धर्ममाता आणि नवऱ्याचा धर्मपिता, दोघं एकेक अंगठी घेऊन दोन बाजूंनी आले. स्नानसंस्काराच्या वेळी ज्यांनी बाळाला हातात धरलं होतं, त्यांनीच आता अंगठी आणली. मला हा पर्याय फार आवडतो, कारण धर्ममातापित्यांना आपण बारशाच्या जेवणानंतर विसरून जातो.

आमच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स बांधवांमध्ये हे काम मुळातच मोठ्या माणसाचं आहे. तिथे ‘कुंबारोस’ असतो, घरोब्यातला माणूस, पुष्कळदा नवऱ्याचा धर्मपिता. तो वधूवरांच्या अंगठ्या तीनदा अदलाबदल करतो, आणि पुढे त्या संसाराची जबाबदारीही घेतो. फिलिपाइन्समधल्या कॅथलिक लग्नांत अंगठ्यांबरोबर तेरा नाणी आणि बायबल आणणारेही वेगळे असतात. घरात तीन-चार मुलं असतील आणि कोणाला निवडावं असा पेच असेल, तर सात-आठ वर्षांच्या भावंडांमध्ये कामं वाटायला ही कल्पना चांगली आहे. बायबल एकाने, मेणबत्ती दुसऱ्याने.

माणूस नको असेल तर पुस्तक आहे. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकात वराने अंगठी थेट पुस्तकावर ठेवावी आणि धर्मगुरूने ती उचलून त्याच्या हाती द्यावी असं सांगितलंय. म्हणजे उशीचं काम प्रार्थनापुस्तकच करतं. आपल्याकडे बहुतेक घरांत आजोबांचं जुनं प्रार्थनापुस्तक किंवा नवा करार असतो, पानं पिवळी झालेली, समासात पेन्सिलच्या खुणा. ते वेदीवर आधीच ठेवा, मधे फीत, फितीत अंगठ्या. कोणी चालायचं नाही, कोणी अडखळायचं नाही. घरची माणसं गेलेली असतील, किंवा परदेशातून येऊ शकत नसतील, तर मला याच्याहून चांगलं काही सुचत नाही.

उशीच हवी असेल तर बाजारातली लेसची घेऊ नका. आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घ्या, घरीच शिवा. आमच्या शेजारच्या मुलीने तसं केलं, आणि ती उशी आता तिच्या बाळाच्या पाळण्यात आहे.

अंगठ्या पाहुण्यांच्या हातातून फिरवायची पद्धतही आता आली आहे. प्रत्येकाने क्षणभर मुठीत धरायच्या, मनात प्रार्थना करायची आणि पुढे द्यायच्या. भावना सुंदर आहे. पण आमच्या लग्नांना शेकडो माणसं असतात. अंगठ्या सगळ्या बाकांवर फिरवल्या तर प्रवचन संपून जाईल आणि त्या कुठे आहेत ते कोणालाच कळणार नाही. पहिले दोन बाक, म्हणजे जवळचं घर, एवढ्यातच फिरवा. छोट्या कापडी पिशवीत घालून, तोंड बांधून. फरशीवर पडलेली अंगठी फार लांब घरंगळते.

प्राण्यांबद्दलही लिहायला हवं, कारण तरुण मुलं मोबाइलवर व्हिडिओ दाखवत येतात. कुत्रा घरचा असेल, शांत असेल, तर हॉलमध्ये किंवा मांडवात आणा. चर्चमध्ये फादर बहुधा परवानगी देणार नाहीत, आणि घंटा, ऑर्गन, गर्दी यांत त्या जिवाचेही हाल होतात. परदेशातल्या व्हिडिओंत पांढरं घुबड उडत येऊन अंगठ्या देतं. ते इथे करायचा विचारही करू नका. आपल्याकडे घुबडांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. त्यांना पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. एखादा इव्हेंटवाला आणून देतो म्हणाला, तर त्याला बाकीचं कामही देऊ नका. ड्रोनलाही माझा विरोध आहे. संमतीचे शब्द त्या घरघरीत ऐकू येत नाहीत, आणि चर्चमधले सगळे ते शब्द ऐकायलाच आलेले असतात.

राहिला तो साडेतीन वर्षांचा मुलगा. भाचीच्या लग्नात तो सगळा वेळ आईच्या मांडीवर होता, मऊ सुती झब्ब्यात. चुलतभावाच्या बायकोला आधी राग आला होता, आणि तो समजण्यासारखा होता, कारण आपल्या मुलाला काढून टाकलं असं तिला वाटलं. म्हणून भाची स्वतः तिच्या घरी गेली, आजीबद्दल बोलली, आणि संध्याकाळी मांडवात केक कापताना मुलाला कडेवर घेऊन उभी राहिली. हे बोलणं आधी करा. पत्रिका छापायच्या आधी, कोटाचं माप द्यायच्या आधी.

फादरांनाही तेव्हाच भेटा, विवाहपूर्व शिबिराच्या दिवसांत. तीन गोष्टी विचारा. अंगठ्या संमतीनंतर आणल्या तर चालेल का, आणणाऱ्याने कुठे थांबायचं, आणि पाणी शिंपडताना थाळी कोण धरणार. तिसरा प्रश्न विसरू नका. लाकडी डबी, मखमल, कागदी फुलं पाण्याने खराब होतात, त्यामुळे अंगठ्या त्याआधी थाळीत काढलेल्या बऱ्या. आणि कॉयरलाही कळवा. आम्हाला माहीत असलं, की आम्ही त्या वेळी गात नाही.