ब्रॉटनच्या खंदकावर काकांची उलटतपासणी

टूर मॅनेजरला सगळ्यात जास्त धाक असतो तो गड फिरलेल्या पाहुण्यांचा. ऑक्सफर्डशायरमध्ये बॅनबरीजवळच्या ब्रॉटन कॅसलला मी ग्रुप घेऊन गेले, तेव्हा माझ्या बसमध्ये नगरचे एक निवृत्त शिक्षक होते.

दगडी पुलापर्यंत सगळे खूश होते. चहूबाजूंनी रुंद खंदक, पुढे दरवाज्याची चौकी, मागे तपकिरी दगडाचा वाडा. काका मात्र भिंतीकडे बघत राहिले. "ताई, ह्याला किल्ला म्हणायचं? आमच्या भुईकोटाचे बुरूज बघा. इथे ह्या खिडक्यांतून दूधवालासुद्धा आत शिरेल!"

ग्रुपमध्ये हशा पिकला, पण काकांचं खरंच होतं. १३०६ च्या सुमारास जॉन द ब्रॉटनने बांधलं ते मुळात घरच. १३७७ मध्ये विंचेस्टरच्या बिशप विल्यम ऑफ विकहॅमने ते विकत घेतलं. तटाला चर्या, म्हणजे किल्ल्यासारखे दाते, बसवण्याचा राजाचा परवाना मिळाला १४०६ ला. पुढे फाइन्स घराण्याकडे आल्यावर सोळाव्या शतकात मजले वाढले, त्या मोठ्या खिडक्या आल्या. लढाईचा विचार करणारा माणूस एवढी काच लावत नाही.

लढाई मात्र आलीच. वरच्या एका खोलीला 'कान नसलेली खोली' म्हणतात. चार्ल्स राजा पार्लमेंट न बोलावता कारभार करत होता, त्या काळात विल्यम फाइन्स, म्हणजे लॉर्ड सेय, इथे पिम, हॅम्पडेन वगैरे राजाच्या विरोधातल्या पार्लमेंटच्या मंडळींना गुपचूप जमवायचा. कॅरिबियनमधल्या एका बेटावर वसाहत करणारी त्यांची कंपनी होती. बैठकांना तेवढं निमित्त पुरायचं. पुढे राजा आणि पार्लमेंटमध्ये यादवी पेटली, १६४२ मध्ये एजहिलची लढाई झाली आणि पाठोपाठ राजाच्या फौजेने ब्रॉटन घेतलं.

"बघा, खिडक्या!" काका म्हणाले. एवढं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर अख्ख्या टूरमध्ये दिसलं नव्हतं.

तरी घर गेलं नाही. यादवीत हरलेल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला, पण सेय त्याच्या विरोधात होता. १६६० मध्ये राजेशाही परतली तेव्हा त्याला माफी मिळाली. त्याच घराण्याचे लोक आजही इथे राहतात, म्हणून वाडा उन्हाळ्यातले ठरावीक दिवसच उघडतो.

काका थोडे नरमले. मग खोली दाखवणाऱ्या आजीबाईंना मला विचारायला लावलं, "एवढं घर थंडीत गरम करायचं बिल किती येतं?" मी विचारलं. आजीबाई खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणून तर तुमच्याकडून तिकीट घेतो!"

काकांनी बसमध्ये उत्तर वहीत टिपून घेतलं.