वर्षातल्या बारा मिनिटांसाठी बॅटरी

जर्मनीत ग्राहकाची वीज वर्षाला सरासरी बारा-तेरा मिनिटं जाते. महिन्याला नाही, वर्षाला. आणि तीन मिनिटांच्या आत परत आली तर ते ती धरतही नाहीत. हे ठाऊक असूनही आम्ही छपरावरच्या सोलरसोबत बॅटरी आणि घराला बॅकअप घेतोय म्हटल्यावर आमचे श्टुटगार्टजवळचे शेजारी आणि दादरचे नातेवाईक एका सुरात हसले. मावशीने तर सरळ विचारलं, "अगं, तुमच्याकडे लाईट जाते?"

मुंबईत वाढलेल्या माणसाने हे करावं यात गंमत आहेच. लोडशेडिंग म्हणजे आम्ही पेपरात वाचायची गोष्ट. नगरच्या आत्याकडे जिन्याखाली इन्व्हर्टर, त्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम भावाकडे. आमच्याकडे वर्षातून कधीतरी दिवे गेले तर मेणबत्ती कुठे ठेवलीय इथपासून सुरुवात. त्याचा आम्हाला माजही होता, खोटं कशाला बोला? पण 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहानंतर अख्खी मुंबई बंद पडली. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर शहराने स्वतःला तोडून घेऊन आपल्यापुरतं चालू राहायचं, ही व्यवस्था 1981 पासूनची. त्या दिवशी नेमकी तीच टिकली नाही. गेल्या वर्षी, एप्रिल 2025 मध्ये, स्पेन आणि पोर्तुगाल एका दुपारी बंद पडले. सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या आग्नेय भागात कोणीतरी केबल जाळल्या आणि पन्नास हजारांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. तेव्हा बारा मिनिटं ही सरासरी आहे, हमी नव्हे.

शिवाय आपल्याकडे लाईट गेली की पंखा जातो, खिडकी उघडायची. जर्मनीत जानेवारीत वीज गेली तर हीटिंग जातं. आमचं हीटिंग गॅसवर आहे, पण पंप आणि कंट्रोल विजेवर. शे-दीडशे वॅटसाठी अख्खं घर गारठतं. आणि छपरावर सोलर आहे म्हणून दिवे राहतील असं नाही. ग्रिड गेलं की पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणारा साधा सोलर इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर तुमच्या छपराची वीज जायची. बेस्टच्या वीजपुरवठा विभागात आयुष्य काढलेल्या बाबांना हे सांगावं लागलं नाही. ते शेजाऱ्यांना सांगावं लागलं, ज्यांच्या छपरावर गेली कित्येक वर्षं पॅनल आहेत.

आता माझी खरी तक्रार. सध्या सुट्टीला दादरला आलेय आणि कोटेशनं इथेच डायनिंग टेबलावर उघडली. प्रत्येकात लिहिलंय, बॅकअपची सोय आहे. वाचत खाली गेलं की कळतं, इन्व्हर्टर बॅकअप देऊ शकतो, पण ग्रिडपासून घर तोडणारा स्विचओव्हर बॉक्स यादीत नाही. दुसऱ्यात बॉक्स नाहीच, ग्रिड गेल्यावर चालणारा एक प्लग आहे. फ्रोनियस कंपनीच्या जेन24 इन्व्हर्टरमध्ये असा प्लग असतो, 3 किलोवॅटपर्यंत. चांगली गोष्ट आहे, पण मग त्याला घराचा बॅकअप म्हणू नका ना! एक्स्टेंशन लावून फ्रिज चालवायचा तर मला सांगा, मी एक्स्टेंशन घेते. तिसऱ्यात बॉक्स आहे, पण बॅटरी किती किलोवॅट सोडू शकते हे कुठेच नाही. इन्व्हर्टर दहा किलोवॅटचा असला आणि बॅटरी पाचच सोडत असली, तर रात्री तुमच्याकडे पाचच. यातलं काही विचारलं की ठरलेलं उत्तर, सगळं घर चालेल, काळजी करू नका. शिस्तीच्या देशात असं उत्तर मिळालं की जास्त राग येतो. लालबागच्या एखाद्या वायरमनने दिलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं, हेही खरं.

बाबांनी लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट उलटं केलं आणि त्यावर तीन खाने पाडले. आर, वाय, बी, म्हणजे पुरवठ्याच्या तीन फेजच्या वायर, लाल, पिवळी, निळी. तिकडे त्या वायर तपकिरी, काळी आणि करडी असतात म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि आरवायबीच ठेवलं. मग माझ्या फोनमधला आमच्या डीबीचा, म्हणजे मेन स्विचच्या डब्याचा, फोटो दोन बोटांनी मोठा करत विचारत गेले. ओव्हन कुठल्या फेजवर? किटली? वॉशिंग मशीन? जर्मन घरात थ्री-फेज पुरवठा सर्रास असतो, तरी कुठल्या फेजवर काय आहे हे तिथे कोणी विचारत नाही. कारण मीटर तिन्ही फेजची बेरीज करतं. एका फेजवर छपरातून बाहेर जातंय आणि दुसऱ्यावर घरात येतंय, तरी बिलात फक्त गोळाबेरीज दिसते. त्यामुळे इन्स्टॉलरच्या डोक्यातही दहा म्हणजे दहा.

ग्रिड गेलं की ही बेरीज संपते. थ्री-फेज इन्व्हर्टरचे दहा किलोवॅट म्हणजे साधारणपणे फेजमागे तीन पूर्णांक तीन. आमच्या बी फेजवर बाबांनी ओव्हनचे तीन आणि किटलीचे सव्वादोन मांडले आणि खाली रेघ मारली. बाकी दोन फेज रिकाम्या असोत, एका फेजवर ताण आला की इन्व्हर्टर घर बंद करणार. आपल्या बिल्डिंगमध्ये निदान "एक फेज गेलाय" म्हणत अर्धे शेजारी जिन्यात जमतात आणि अर्ध्यांचा टीव्ही चालू असतो. तिकडे तेही नाही.

मग सिंगल-फेज घ्या, असं भावाने सुचवलं. ते तिथल्या नियमात बसत नाही. सिंगल-फेजवर 4.6 केव्हीएच्या वर असमतोल चालत नाही, आणि आम्हाला छपरावर दहा किलोवॅट बसवायचेत.

बाबांचं मत वेगळंच. सगळं घर कशाला? हीटिंग, फ्रिज, राउटर, थोडे दिवे एवढं वेगळ्या डीबीवर काढ, ओव्हन आणि गाडीचा चार्जर बाहेर ठेव. सगळं मिळून चारशे वॅट धरले, आणि दहा युनिटच्या बॅटरीतले तीन युनिट कायम राखून ठेवले, तर सहा-सात तास सहज. जास्त धरू नये, कारण इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो. जर्मनीत डिसेंबरमध्ये सूर्याचा भरवसा नाही. जूनच्या पाचव्या हिश्शाएवढं उत्पादन मिळालं तरी खूप, त्यामुळे राखीव साठा हाच खरा बॅकअप.

त्यांनी दोन प्रश्न जास्तीचे घातले. ग्रिडपासून चारही वायर, तीन फेज आणि न्यूट्रल, तुटल्या की घरातला न्यूट्रल अर्थला कोण जोडतो? जोडला नाही तर गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी ऐनवेळी पडायचाच नाही. आणि बॅटरी रात्रीत पूर्ण संपली, ग्रिड अजून बंदच, तर सकाळी उन्हावर इन्व्हर्टर आपणहून उठतो का? सगळे उठत नाहीत. ग्रिडवरून बॅटरीवर बदल वीस मिलिसेकंदांत होतो की दहा सेकंदांत, यावर मात्र त्यांना रस नव्हता. "राउटर परत सुरू होईल, त्यात काय."

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरही सोलरची चर्चा चालू आहे. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान, स्वतंत्र घराला जास्तीत जास्त 78,000. नेट मीटरिंग, म्हणजे ग्रिडला दिलेले युनिट बिलातून वजा, असल्यामुळे ग्रिडच बॅटरीचं काम करतं, म्हणून बॅटरीचं नावही कोणी काढत नाही. तिकडे ग्रिडला विकलेल्या युनिटला आठ सेंटच्या आसपास मिळतात आणि घेताना पस्तीसच्या वर जातात, म्हणून बॅटरी. शिवाय 2023 पासून घरगुती सोलर आणि बॅटरीवर व्हॅट शून्य. हिशेब आमच्या बाजूने आहे, असं मी मावशीला समजावलं. बॅकअप त्या हिशेबात बसत नाही, ते मी समजावलं नाही.

पाकिटावरचे खाने टाइप करून सगळ्या इन्स्टॉलरना पाठवले. एकाने तिन्ही फेजची मांडणी दुरुस्त करून, न्यूट्रलचं उत्तर लेखी देऊन, हा इलेक्ट्रिशियन कोण असंही विचारलंय. सकाळच्या उन्हाचं उत्तर तो उत्पादकाकडून आणणार आहे. ते आलं की ऑर्डर त्यालाच. वेगळा डीबी आणि बॉक्स मिळून बॅकअपचे जादा बाराशे युरो. मावशीला मी आठशे सांगितलेत.