पांढरं उरलं नाही

मंगळवार, रात्री

सकाळपासून एक गोष्ट मनातून जात नाहीये. एवढीशी आहे. कुणाला सांगायला गेले तर "एवढंच ना?" म्हणतील, म्हणून इथे लिहितेय.

नवीन सनस्क्रीन आणलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, ५० ग्रॅमची ट्यूब, एसपीएफ ५०, पीएच्या पुढे चार अधिकची चिन्हं. आधीचं झिंक ऑक्साइडचं होतं. लावलं की तोंडावरून राखेचा हात फिरवल्यासारखं दिसायचं, भुवयांत आणि केसांच्या कडेला पांढरं अडकून बसायचं. त्यात सोलापूरचा एप्रिल. स्कार्फच्या आत घामाबरोबर ओघळून ते डोळ्यांत उतरलं की सात रस्त्याला गाडी कडेला घ्यावी लागायची. म्हणून स्किनवाल्या मॅडम "जेलवालं घ्या, हलकं असतं, पण रोज लावा" म्हणाल्या तेव्हा हेच मागितलं.

तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. चेहऱ्याला आणि गळ्याला एवढं लागतंच, कमी लावलं तर ट्यूबवरचा आकडा नुसता ट्यूबवरच राहतो. मी नीट लावलं. पाण्यासारखं पसरलं. चिकट नाही, वास नाही, मिनिटभरात मुरलंसुद्धा. आरशात पाहिलं तर काहीच दिसत नव्हतं. मी होते तशी होते.

आणि माझं मन खट्टू झालं.

क्षणभरच. पण झालं, आणि ते मला कळलं. पांढरं उरू नये म्हणूनच तर आणलं होतं ना? मग ते उरलं नाही याचं वाईट का वाटावं?

ऑफिसला पोचेपर्यंत हेच डोक्यात. खरं काय ते लिहायचं तर लिहितेच. जुन्याला मी रोज नावं ठेवत होते, पण लावल्यावर, घाम यायच्या आधीची पाच मिनिटं, आरशात एक वेगळी बाई दिसायची. उजळ. मी तिच्याकडे बघत थांबायचे. केस विंचरायला म्हणून थांबायचे असं मला वाटत होतं.

आत्या आली की माझी हनुवटी धरून म्हणायची, "रंग सावळा आहे, पण नाकीडोळी नीटस आहे हो पोर." तो 'पण' मला फार लवकर कळायला लागला. रविवारी साय, डाळीचं पीठ आणि चिमूटभर हळद. आई पाटावर बसवून गालांना चोळायची. वाळलं की गाल ताणले जायचे, हसलं की पापुद्रे पडायचे, म्हणून हसायचं नाही. ताईला लावत नसे. ताईला का नाही, हे मी एकदाच विचारलं होतं.

पुढे लग्नाच्या बायोडेटावर बाबांनी 'गव्हाळ' लिहिलं. मी ते खोडून 'सावळी' लिहिलं. बाबा काही बोलले नाहीत. त्या खोडण्याचा मला इतकी वर्षं अभिमान आहे. लेकीला मी तो प्रसंग किती वेळा सांगितलाय. १९७५ पासून घरोघरी असलेल्या त्या गोरं करणाऱ्या क्रीमच्या नावातलं 'फेअर' २०२० मध्ये काढलं, तेव्हा ती बातमी मी तिला समोर बसवून वाचून दाखवली होती.

आणि आज मी, त्रेचाळीस वर्षांची, एका ट्यूबने उजळ केलं नाही म्हणून आरशासमोर हिरमुसले. दिवसभर फार एकटं वाटलं. काय वाटलं ते सांगण्यासारखंही कुणी नाही. यांना सांगितलं तर हे म्हणतील "मला तू आवडतेस की," आणि विषय संपेल.

मॅडमकडे मी वांग दाखवायला गेले होते. डाव्या गालावर जास्त आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खिडकीशी बसता का?" बसते, अकरा वर्षं झाली, खिडकी डाव्या हाताला. कातडी भाजणारे यूव्हीबी किरण काच बरेचसे अडवते, पण यूव्हीए आत येतात आणि वांग गडद करतात. मला वाटायचं, गाडीवर स्कार्फ बांधला की झालं. सावळ्या कातडीला ऊन कमी भाजतं, पण वांग आणि डाग आपल्यालाच जास्त चिवटपणे धरतात, असंही म्हणाल्या. आणि मग, "हे गोरं करायला नाही हं, आहे तो रंग सांभाळायला आहे."

"माहितीये मला," मी म्हटलं. जरा तोडूनच. त्या सगळ्यांना सांगत असतील तसं. की माझ्या तोंडावर काही दिसलं त्यांना?

अजून एक लिहायचं राहिलं. वांगाला रंग मिसळलेलं सनस्क्रीन जास्त चांगलं, त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवतं. मेडिकलमध्ये त्याची एकच छटा होती, माझ्यापेक्षा चांगली दोन पायऱ्या उजळ. मी ते खोकं परत ठेवलं खरं. पण किती वेळ हातात धरून उभी होते, ते त्या दुकानातल्या मुलाला माहीत.

दुपारी दोनला पुन्हा लावलं, ऑफिसच्या बाथरूममध्ये. दर दोन तासांनी लावा म्हणतात, माझ्याच्यानं एकदा झालं. सकाळचं निम्मं तर स्कार्फनेच पुसून नेलं होतं. ट्यूबलाइटच्या उजेडात गाल जवळून पाहिला. वांगाची कड अगदी पातळ आहे, कुठे सुरू होतं ते बोटाला लागत नाही, डोळ्यालाच दिसतं. जेल ओलं होतं तोवर चमकलं, मग मुरलं. मी वाट पाहत उभी राहिले. सकाळचं ते पुन्हा आलं, जरा कमी. आलं तर आलं. दर रविवारी चोळून चोळून जे आत घातलं ते एका खोडलेल्या शब्दाने कसं जाईल. तोंड पुसलं नाही, बाहेर आले, जागेवर बसले, पडदा ओढून घेतला.

आईला फोन करायचा होता. राहू दे.

बुधवार, सकाळ

घाईत लिहितेय. लेक सात वाजता खो-खोच्या शिबिराला निघाली. माझी ट्यूब उचलली, तळहातावर भसकन पिळली, तोंडाला, मानेला, उरलेलं दोन्ही हातांना कोपरापर्यंत. "आई, भारी आहे गं हे, दिसतच नाही!" आरशाकडे पाठ होती तिची. बूट घालत घालतच लावत होती. रंग अगदी माझा.

मी म्हणणार होते, अगं तोंडाला आणि मानेला दोन बोटंच घ्यायची, हातांना वेगळं लागतं, ५० ग्रॅम असं पिळलंस तर पंधरा दिवस पुरायचं नाही. तोवर ती जिना उतरली होती.

संध्याकाळी येताना तिच्यासाठी दुसरी ट्यूब. हीच.