एका नावाखाली अनेक उत्तरे: वेबसाठी डिक्शनरीसारखा कंटेनर घडवताना

कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील एका गावच्या वाचनालयासाठी सभासद-नोंदणीचा एक छोटा प्रोग्राम मी गेली काही वर्षे सांभाळतो. तो पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत आहे आणि ब्राउझरकडून येणाऱ्या विनंत्या हाताळणारी एक लहानशी लायब्ररी मी त्याच्यासाठी स्वतः लिहिली आहे. (लायब्ररी हा शब्द या लेखात प्रोग्रामिंगच्याच अर्थाने, म्हणजे पुन्हा वापरता येणाऱ्या कोडचा संच म्हणून येईल, पुस्तकांच्या जागेला मी वाचनालयच म्हणेन.) नोंदणीच्या अर्जात "वाचनाच्या भाषा" असा एक प्रश्न आहे आणि त्याच्यापुढे मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा चार चौकटी आहेत. आमच्या भागात एकाच भाषेत वाचणारा माणूस विरळा, त्यामुळे बहुतेकजण दोन किंवा तीन चौकटींवर खूण करतात.

एके दिवशी वाचनालयातील एका निवृत्त गुरुजींनी आपली नोंद पडद्यावर पाहिली आणि मला जवळ बोलावून म्हणाले, "बाळ, मी दोन्हीवर खूण केलो होतो की. इथं नुसतं कन्नड दाखवायलंय." त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांनी मराठी आणि कन्नड या दोन्ही चौकटी निवडल्या होत्या आणि माझ्या प्रोग्रामने त्यांतली मराठी टाकून दिली होती. पुढे तपासले तेव्हा लक्षात आले की अर्जात मराठीची चौकट पहिली असल्यामुळे, दुसरी कोणतीही भाषा निवडणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या नोंदीतून मराठीच गळाली होती. पुस्तकखरेदीच्या वेळी वाचनालयाची समिती याच नोंदी पाहते, म्हणून ही चूक मला फार लागली.

चुकीचे मूळ एका ओळीत होते. ब्राउझर अशा अर्जातील प्रत्येक खूण वेगळ्या जोडीने पाठवतो, म्हणजे "भाषा" हे नाव एकदा मराठी घेऊन येते आणि पुन्हा कन्नड घेऊन येते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात 3 बाइटचे आणि टक्केचिन्हाच्या सांकेतिक रूपात 9 अक्षरांचे होत असल्याने "मराठी" हा (काना-वेलांटी धरून पाच चिन्हांचा) शब्द तारेवरून 45 अक्षरांच्या रूपात प्रवास करतो, पण तो सुखरूप पोहोचतो. पायथॉनच्या स्टँडर्ड लायब्ररीतील पार्स-क्यूएसएल हे फंक्शन या सगळ्या जोड्या आलेल्या क्रमाने यादीत देते. इथपर्यंत काहीही हरवलेले नसते. मी मात्र त्या यादीची सरळ डिक्शनरी केली, आणि डिक्शनरीत, म्हणजे नावावरून (की) माहिती (व्हॅल्यू) शोधून देणाऱ्या पायथॉनच्या साठ्यात, एका कीला एकच व्हॅल्यू असल्याने नंतर आलेल्या जोडीने आधीची पुसून टाकली.

म्हणून एका कीखाली अनेक व्हॅल्यू सांभाळणारा, तरीही वापरताना डिक्शनरीसारखा वाटणारा कंटेनर हवा होता. अशा कंटेनरला मल्टिडिक्ट म्हणतात. तयार लायब्रऱ्यांत तो आहेच. फ्लास्क हे वेब-फ्रेमवर्क (वेबसाइटचा तयार सांगाडा) ज्या वर्कझॉइग या लायब्ररीवर उभे आहे तिच्यात तो आहे, आणि जँगो या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये त्याच कामासाठी क्वेरीडिक्ट आहे. दोन्हींत प्रत्येक कीपुढे आतून यादी असते. फरक आहे तो एकच व्हॅल्यू मागितल्यावर काय मिळते यात: वर्कझॉइग पहिली देते आणि जँगो शेवटची. दोन्ही निर्णयांना आधार आहे, पण एका फ्रेमवर्कमधून दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये नेलेला कोड यामुळे एकही त्रुटी न दाखवता वेगळे उत्तर देऊ लागतो. मी पहिली देण्याचे ठरवले आणि संपूर्ण यादीसाठी वेगळी मेथड, म्हणजे कंटेनरला द्यायची आज्ञा, ठेवली. माझ्या मते कोणती व्हॅल्यू मिळेल याहून अधिक महत्त्वाचे हे आहे की उरलेल्या व्हॅल्यू आत शाबूत राहिल्या पाहिजेत आणि त्या मागण्याचा मार्ग सहज सापडला पाहिजे.

पहिल्या प्रयत्नात मी अंगभूत डिक्शनरीपासूनच क्लास (वस्तूचा साचा) वारसाने घेतला आणि चौकोनी कंसातून वाचण्याची व लिहिण्याची अशा दोनच डंडर (नावाच्या दोन्ही बाजूंना दुहेरी अधोरेखा असलेल्या) मेथड नव्याने लिहिल्या. वाटले होते की बाकीच्या मेथड याच दोघींना हाक मारतील. तसे होत नाही. सीपायथॉनमध्ये, म्हणजे पायथॉनच्या नेहमीच्या रूपात, डिक्शनरीच्या मेथड सी भाषेत लिहिलेल्या आहेत आणि त्या आपसात थेट बोलतात. गेट ही वाचणारी मेथड तुमच्या नव्या वाचन-मेथडकडे जात नाही, आणि अपडेट व सेटडिफॉल्ट या लिहिणाऱ्या मेथड तुमच्या नव्या लेखन-मेथडला विचारत नाहीत. त्यामुळे चौकोनी कंसातून विचारले की "मराठी" मिळे, आणि गेटने विचारले की आतली संपूर्ण यादी हाती येई. कॉपीने माझ्या क्लासची प्रत न देता साधी डिक्शनरी दिली. माझ्या कंटेनरपासून साधी डिक्शनरी बनवायला गेलो तर इंटरप्रिटरने (कोड चालवणाऱ्या प्रोग्रामने) आतला साठा जसाच्या तसा उचलला, कारण मी फिरण्याची म्हणजे इटरेशनची मेथड बदललेली नव्हती आणि अशा वेळी तो जवळची वाट घेतो. वाचण्याची मेथड मी बदलली आहे याची त्याने दखलही घेतली नाही.

दुसरी वाट स्टँडर्ड लायब्ररीच्या कलेक्शन्स-एबीसीमधील म्युटेबलमॅपिंग या पायाभूत क्लासची आहे. तिथे पाच मेथड लिहाव्या लागतात: वाचणे, लिहिणे, पुसणे, फिरणे आणि मोजणे. गेट, पॉप, अपडेट, सेटडिफॉल्ट, आयटम्स यांसारख्या बाकीच्या मेथड या पाचांवरच बेतलेल्या असल्याने त्या सगळ्या तुमच्याच मेथडमधून जातात आणि वागण्यात विसंगती राहत नाही. कॉपी मात्र तिथे मिळत नाही. ती आपली आपण लिहावी लागते. शिवाय हा क्लास खरी डिक्शनरी नसतो, म्हणून माहिती जेसन या देवाणघेवाणीच्या रूपात बदलणारा नेहमीचा एन्कोडर त्याला नाकारतो आणि "ही डिक्शनरी आहे का" असे नेमके तपासणारा जुना कोडही अडतो. वर्कझॉइगने डिक्शनरीचा वारसा ठेवून जवळजवळ प्रत्येक मेथड हाताने नव्याने लिहिण्याचा मार्ग घेतला आहे, जो बाहेरच्या कोडला सोयीचा आणि सांभाळणाऱ्याला कष्टाचा आहे. एकट्याने सांभाळायच्या लायब्ररीसाठी मी म्युटेबलमॅपिंग निवडले आणि साधी डिक्शनरी हवी असेल त्याच्यासाठी वेगळी मेथड दिली, जिच्यात सगळ्या व्हॅल्यू हव्यात की फक्त पहिली, हे मागणाऱ्याला स्पष्ट सांगावेच लागते.

प्रत काढण्यावरून आणखी एक गोष्ट शिकलो. बाहेरच्या कंटेनरची प्रत काढली तरी आतल्या याद्या त्याच राहतात, त्यामुळे प्रतीत एक भाषा वाढवली की ती मूळ नोंदीतही दिसू लागते. म्हणून माझी कॉपी मेथड प्रत्येक यादीचीही नवी प्रत काढते. आणि अर्जातून आलेला कंटेनर मी मुळातच बदलता न येणारा केला आहे. मध्येच एखाद्या तपासणीच्या फंक्शनने पॉप करून नाव काढून घ्यावे आणि पुढच्या फंक्शनला ते मिळू नये, असे एकदा घडून गेल्यावर मला त्याची किंमत कळली.

हेडरची, म्हणजे विनंती व उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींची, गोष्ट निराळी आहे. वेबच्या एचटीटीपी या संदेश-पद्धतीच्या आरएफसी 9110 या मानकाप्रमाणे हेडरच्या नावात लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद धरायचा नसतो, आणि एचटीटीपी-2 मध्ये तर ती नावे लहान अक्षरांतच जातात. त्यामुळे शोधण्यासाठी लहान अक्षरांतले रूप आणि दाखवण्यासाठी मूळ रूप अशी दोन्ही जपावी लागतात. एकाच नावाचे अनेक हेडर एरवी स्वल्पविरामाने जोडता येतात, पण सेट-कुकी (ब्राउझरला कुकी म्हणजे छोटी नोंद ठेवायला सांगणारा हेडर) हा ठळक अपवाद आहे, कारण कुकीच्या मुदतीच्या तारखेतच स्वल्पविराम असतो. वर्कझॉइगचा हेडर्स क्लास आतून जोड्यांची यादीच बाळगतो, आणि मीही तेच केले. हेडरच्या व्हॅल्यूत नवी ओळ सुरू करणारे चिन्ह असेल तर कंटेनरने ती स्वीकारता कामा नये, नाहीतर बाहेरून आलेल्या मजकुरातून कोणीही उत्तरात स्वतःचे हेडर घुसवू शकतो. ही तपासणी कंटेनरच्या दारातच असावी असे माझे ठाम मत आहे, कारण वापरणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ती करायची म्हटली की कुठेतरी ती राहतेच.

नसलेली की मागितली तर काय व्हावे, हाही वेबपुरता वेगळा प्रश्न आहे. साधी डिक्शनरी की-एरर देते आणि ती तशीच वर गेली तर ब्राउझरला 500 मिळते, म्हणजे चूक सर्व्हरची असल्याचे सांगितले जाते. अर्जात नाव पाठवलेच नसेल तर चूक विनंतीची आहे आणि उत्तर 400 हवे. वर्कझॉइगमध्ये यासाठी की-एरर आणि चुकीची विनंती या दोन्हींचा वारसा घेणारा एक एरर आहे. ही युक्ती मी जशीच्या तशी उचलली.

आता मराठीचाच प्रश्न, ज्याने माझे सर्वात जास्त दिवस घेतले. आमच्या अर्जातील नावे देवनागरीत आहेत आणि त्यांत "वाचणाऱ्याचे नाव" असे एक आहे. अर्जाचे पान एकाने एका कीबोर्डवर लिहिले होते आणि कोड मी दुसऱ्या कीबोर्डवर. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसत होते, तरीही की सापडत नव्हती. "ऱ्या"मधला तो अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ, हलन्त आणि य असा, किंवा र, हलन्त, झिरो-विड्थ-जॉइनर (न दिसणारे जोडचिन्ह) आणि य असा. डोळ्याला दोन्ही एकच, पण स्ट्रिंग (चिन्हांची मालिका) म्हणून निराळे, आणि डिक्शनरी डोळ्याने पाहत नाही. युनिकोड या अक्षरमानकाचे एनएफसी हे प्रमाणीकरण र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) यांचा एक ऱ करून देते, परंतु जॉइनरच्या रूपाला ते हात लावत नाही. म्हणून कीसाठी मी आधी एनएफसी करतो आणि मग र-हलन्त-जॉइनर या क्रमाच्या जागी ऱ-हलन्त ठेवतो. हे बदललेले रूप फक्त शोधण्यापुरते असते. पाठवणाऱ्याने लिहिलेली मूळ की शेजारीच जपलेली असते.

याच ओघात मी एक पाऊल जास्त टाकले होते. बेळगाव, बेळगावी आणि बेळगाम ही एकाच शहराची नावे व्हॅल्यूत आली की कंटेनरने ती एकाच रूपात बदलावीत असे मी लिहिले, आणि काही दिवसांनी तो भाग काढून टाकला. शहराचे अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी आहे आणि सरकारी पत्रव्यवहारासाठी लागणारी नावांची सारणी प्रोग्राममध्ये जरूर असावी, पण तिची जागा वेगळी आहे. माणसाने आपल्या पत्त्यात बेळगाव लिहिले असेल तर विनंती वाहून आणणाऱ्या कंटेनरने ते बेळगावच पोहोचवले पाहिजे.

जुन्या नोंदींतील गळालेल्या भाषा कोडमधून परत मिळणे शक्य नव्हते, कारण मूळ विनंत्या मी कुठेही साठवलेल्या नव्हत्या. ग्रंथपाल बाईंनी पुस्तके बदलायला येणाऱ्या प्रत्येक सभासदाला पुन्हा विचारून त्या भरून घेतल्या, आणि गुरुजींची नोंद त्यांनी सर्वांत आधी दुरुस्त केली. माझ्या लायब्ररीतील पहिली चाचणी आता त्याच अर्जाची आहे: "भाषा" या नावाखाली मराठी आणि कन्नड आत जातात, आणि दोन्ही त्याच क्रमाने बाहेर यावे लागतात.