एकट्यापुरता फेडिव्हर्स सर्व्हर, नोंद ३ : ४०१ची दोन कारणं

फेडिव्हर्स म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या स्वतंत्र सोशल सर्व्हरांचं जाळं; त्यातला एक स्वतःपुरता उभा करणं चालू आहे. मागच्या नोंदीपर्यंत वेबफिंगर, म्हणजे पत्त्यावरून खातं शोधून देणारी सोय, उरकलं होतं. मुंबईच्या डेटा सेंटरातला १ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे पायथन. मास्टोडॉन या फेडिव्हर्समधल्या सॉफ्टवेअरवर पूर्ण पत्ता शोधला की खातं सापडतं. नावापुढे डोमेन कशाला, हे दादरकरांना सांगायला नको. डिसेंबर २०२३पर्यंत तिथे पश्चिम रेल्वेलाही एक नंबर फलाट होता आणि मध्य रेल्वेलाही.

आता पोस्ट बाहेर पाठवणं. त्यात ४०१ येतं, म्हणजे पोस्ट घेणारा सर्व्हर ‘ओळख पटली नाही’ म्हणून ती नाकारतो. ॲक्टिव्हिटीपब, म्हणजे या सर्व्हरांची आपसातली भाषा, २०१८च्या जानेवारीत डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झालं, पण समोरचा सर्व्हर खरा कशावरून, याची पद्धत त्यात पक्की ठरवलेली नाही. त्यामुळे मास्टोडॉनला चालते ती एचटीटीपी सही करायची: विनंतीची ओळ, होस्ट, डेट आणि डायजेस्ट (मजकुराचा ठसा) यांवर, २०४८ बिटच्या आरएसए किल्लीने. मानक खुलं खरं, पण बोली एकाच सॉफ्टवेअरची. हे खटकतं.

४०१चं पहिलं कारण घड्याळ. डेट हेडरमध्ये भारतीय वेळ टाकून शेवटी जीएमटी चिकटवलं, की विनंती साडेपाच तास भविष्यातली ठरते आणि फेटाळली जाते. वेळ यूटीसीतच घ्या.

दुसरं जास्त छळतं. रोमन अक्षरांतली चाचणी पोस्ट बिनबोभाट जाते, ‘नमस्कार’ मात्र परत येतो. डायजेस्ट काढला तो देवनागरी जशीच्या तशी ठेवलेल्या जेसनवर (पोस्ट ज्या मजकूर-रूपात जाते त्यावर). पाठवताना पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीने तेच जेसन पुन्हा बनवलं आणि प्रत्येक देवनागरी अक्षराचा एस्केप, म्हणजे साध्या रोमन चिन्हांतला संकेत, केला. ‘न’ यूटीएफ-८मध्ये ३ बाइट, एस्केप केल्यावर ६. डायजेस्ट जुळणार कसा? उपाय: जेसन एकदाच बनवून बाइटमध्ये बदला, त्याच बाइटांचा डायजेस्ट काढा आणि तेच ‘डेटा’ म्हणून पाठवा. कंटेंट-टाइप हेडर मग हाताने लिहावा लागतो, विसरू नका.

२०२, म्हणजे ‘विनंती स्वीकारली’ हे उत्तर, आलं तरी पोस्ट दिसलीच असं नाही. ती फक्त रांगेत लागली. त्या सर्व्हरवर आपल्याला कुणी फॉलो करत नसेल आणि पोस्टमध्ये तिथल्या कुणाचा उल्लेखही नसेल, तर मास्टोडॉन ती सहसा गुपचूप टाकून देतं.

ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल नेटवर्कचा एटी प्रोटोकॉल वेगळा, तिथे ब्रिजी फेड या जोडसेवेचा पूल चढून जावं लागतं. मेटाच्या थ्रेड्सवरच्या माणसाने फेडिव्हर्स शेअरिंग स्वतः चालू केलं असेल, तरच त्याच्या पोस्ट इकडे येतात.

पुढचं काम ‘मूव्ह’, म्हणजे खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं. त्यात फॉलोअर नव्या घरी येतात, जुन्या पोस्ट मागेच राहतात.