नवी हत्यारे आणि गुण्यात नसलेला गुण्या

पटाशीची, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीची, धार गेली तर ती दगडावर घासून परत आणता येते आणि करवतीच्या दातांना कानस मारून त्यांना पुन्हा धार लावता येते. काटकोन आखायचे आणि तपासायचे हत्यार म्हणजे गुण्या. तोच जर काटकोनात नसेल, तर मात्र त्याच्या आधाराने आखलेली प्रत्येक रेघ, कापलेला प्रत्येक तुकडा आणि जुळवलेला प्रत्येक सांधा बिघडतो, आणि दोष नेमका कुठे आहे हे काम बरेच पुढे गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून घरी सुतारकामाची छोटी कार्यशाळा मांडताना, मापाचे प्रत्येक हत्यार आणल्या दिवशीच तपासायचे, असे मी ठरवले होते.

खरेदी पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळीत केली. हत्यार हातात घेऊन, मुठीची पकड आणि वजन पाहून निवडता येणे मला फार मोलाचे वाटते. पटाश्या, बारीक दातांची करवत, क्लॅम्प, धार लावायचा दगड आणि सहा इंची गुण्या असे सामान घेतले आणि सगळ्याचे पक्के बिल करून घेतले. पटाश्यांच्या पोलादाबद्दल माझी तक्रार नाही. पाठ सपाट करून घ्यायला थोडा वेळ लागला, पण तेवढे काम बहुतेक नव्या पटाशीवर करावेच लागते.

गुण्याची परीक्षा साधी आहे आणि तिला कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. प्लायवूडची यंत्राने सरळ कापलेली कड घ्यावी, गुण्याचा दांडा, म्हणजे त्याची जाड बाजू, तिला घट्ट टेकवून पात्याच्या कडेने टोकदार पेन्सिलीने रेघ ओढावी. मग गुण्या उलटा करून, दांडा त्याच कडेला विरुद्ध दिशेने टेकवून, पहिल्या रेघेच्या मुळापासूनच दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या बरोबर आहे. त्या वरच्या टोकाला फाकल्या, तर फाकलेले अंतर हे खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, कारण उलटवल्याने तीच चूक दोन्ही बाजूंना उमटते. माझ्या गुण्याच्या रेघा टोकाशी सुमारे १ मिलिमीटर फाकल्या होत्या. म्हणजे १५० मिलिमीटर लांबीत अर्ध्या मिलिमीटरची चूक. हा आकडा किरकोळ वाटतो, पण ६०० मिलिमीटर रुंदीच्या फळीवर तीच चूक २ मिलिमीटर होते. दोन्ही टोके एकाच कडेवरून आखली तर फळी तिरकी कापली जाते आणि तिचे कर्ण जुळत नाहीत. समोरासमोरच्या कडांवरून आखली तर एक कड दुसरीपेक्षा आखूड होते.

पोलादी गुण्याच्या कोपऱ्याजवळ पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी दांडीने, ठोकून कोन किंचित उघडता किंवा मिटवता येतो, हा उपाय मला ठाऊक होता. आतल्या कोपऱ्याजवळ ठोकल्यास धातू तिथे पसरतो आणि कोन उघडतो. बाहेरच्या कोपऱ्याजवळ ठोकल्यास तो मिटतो. तथापि ही युक्ती अखंड पत्र्याच्या गुण्यासाठी आहे. लाकडी दांड्यात रिव्हेटांनी बसवलेल्या पात्याच्या बाबतीत ठोकाठोकीने रिव्हेटच ढिले होण्याची भीती असते. शिवाय, नव्या वस्तूचा दोष ग्राहकाने दुरुस्त करत बसावे, हे मला मुळातच मान्य नाही.

बिलाच्या तळाशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार, बिलात मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तेव्हा त्या छापील ओळीने सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. ज्या पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तिथे तरी ही गोष्ट प्रत्येक गल्ल्यावर माहीत असायला हवी, असे मला मनापासून वाटते. गरज पडली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच.

तशी वेळ आली नाही. “ताई, सुतारकामाला एवढा फरक चालतो,” असे दुकानदार प्रथम म्हणाले. मी वाद न घालता रेघा ओढलेला प्लायवूडचा तुकडा त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यांनाच गुण्या उलटून पाहायला सांगितले. रेघा फाकलेल्या पाहताच त्यांनी त्याच खोक्यातले आणखी गुण्ये काढून त्याच कडेला लावून पाहिले. काही बरोबर निघाले, काही माझ्यासारखेच. वाकडे निघालेले त्यांनी घाऊक व्यापाऱ्याकडे परत पाठवण्यासाठी बाजूला काढले आणि माझ्यापुढे पैसे परत किंवा बदली असे दोन्ही पर्याय ठेवले. मी थोडे जास्त पैसे भरून जाड पात्याचा, संपूर्ण पोलादी गुण्या निवडला आणि तिथेच तपासून घेतला. त्याच्या दोन्ही रेघा एकच दिसत होत्या. तो चुकून खाली पडला की ही परीक्षा पुन्हा करायची आहे, कारण एका आपटण्यानेही कोन हलू शकतो. रंधा अजून घ्यायचा आहे. त्याचा तळ सपाट आहे की नाही, हे याच गुण्याचे पाते टेकवून, उजेडासमोर धरून, दुकानातच पाहीन.