साडेनऊ फर्मे आणि सकाळची वही

मंडळी, मी स्वतःच प्रकाशित करत असलेल्या कथासंग्रहाची मांडणी पूर्ण झाली. अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका धरून डेमी आकारात 151 पानं भरली. छापखान्याचा हिशेब फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यांत चालतो आणि एक फर्मा 16 पानांचा. नऊ फर्म्यांत 144 पानं बसतात, म्हणजे सात पानं वर. शेवटची कथा जरा आवरा, खर्च वाचेल, असं मला सुचवण्यात आलं. त्या कथेत एसटीतला एक लांब प्रसंग आहे आणि पुस्तक काढायचं ठरवलं ते अशाच प्रसंगांसाठी. अर्धा फर्मा वाढवून 152 पानं केली. कथेची लांबी कथेनंच ठरवावी, एवढं स्वातंत्र्य नसेल तर स्वतः प्रकाशक होण्यात मला काही गोडी वाटणार नाही.

आता प्रूफं. जुन्या कथा श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत आणल्या की रफार सरकतो, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, ‘दुसऱ्या’सारखे शब्द तुटतात. हे शोधत बसलं की फक्त अक्षरं दिसतात, कथा दिसेनाशी होते. लिहिण्याचा उत्साह सगळ्यात जास्त इथेच आटतो असा माझा अनुभव आहे. म्हणून दोन वाचनं वेगळी ठेवली आहेत. पहिलं शेवटच्या पानाकडून मागे, म्हणजे गोष्ट ओढून नेत नाही. दुसरं मोठ्यानं, पेन बाजूला ठेवून. संवाद तोंडात बसतात का, ते त्यातच कळतं. परवा अशा वाचनात एका म्हातारीचं बोलणं ऐकताना मनापासून हसू आलं, तेव्हा ही कथा का लिहिली होती ते आठवलं.

आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा अर्ज गेला. हा क्रमांक मोफत मिळतो आणि छापील आवृत्ती व ई-बुक यांना वेगवेगळा क्रमांक लागतो, एवढं ध्यानात ठेवा.

सकाळचा पहिला तास मात्र वहीचा. त्यात नवी कथा चालू आहे, कोणत्याही संग्रहासाठी नाही. तो तास संपेपर्यंत मेल, मुखपृष्ठ, दरपत्रक काहीही उघडायचं नाही. ई-बुकच्या विक्रीचे आकडे फक्त रविवारी. प्रकाशनाची कामं संपतात, यादीवर खूण करता येते. कथा तशी हातावेगळी होत नाही. म्हणून मन सारखं सोप्या बाजूला धावतं आणि दिवसभर राबूनही एक ओळ लिहून होत नाही.

अर्थात छपाईची सगळीच कामं रुक्ष नसतात. 1917 मध्ये लिओनार्ड आणि व्हर्जिनिया वूल्फ या इंग्रज लेखक दांपत्यानं घरातच हातानं चालवायचं छपाईयंत्र बसवून होगार्थ प्रेस ही प्रकाशनसंस्था सुरू केली. पहिल्या पुस्तकात दोघांची एकेक कथा होती आणि छपाईही घरचीच. लेखकाचा हात छपाईच्या अक्षरखिळ्यांपर्यंत पोचला होता, ही गोष्ट मला फार आवडते. म्हणून टंक, समास आणि दोन ओळींमधली जागा मी स्वतः ठरवली. त्यात मन रमलं.

पुढचं काम मुखपृष्ठ. पहिल्या पन्नास प्रती डिजिटलवर काढणार आहे. प्रतीमागे महाग पडतात, पण गठ्ठे साठत नाहीत. तुमच्यापैकी कुणी नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर कागदावर डिजिटल छपाई केली असेल तर शाई कशी उठते ते जरूर कळवा.